घोटीला गेलेला माणूस

पडदा ओढला तेव्हा गेणू जिवंत होता का गेलेला, हे यशोदाला आजपण सांगता येत नाय. बघितलंच नाय ना तिनं. बाहेर पाहुण्यांच्या चपला वाजल्या, हिनं पडदा ओढला, पदर सारखा केला आन तोंडावर हसू चिकटवून बाहेर आली.

पाहुणे म्हणजे माझ्या भाचीला, तेजलला बघायला आलेले. तेजल माझ्या धाकट्या भावाची, किशोरची पोरगी. यशोदा त्याची बायको. आन पडद्यामागं खाटेवर होता तो माझा मधला भाऊ गेणू. मी मीना, दोघांची मोठी बहीण. गेणूचं लग्न नव्हतं. वडलांच्या त्याच दोन खोल्या पंचवटीत, त्यातच तो आन किशोरचा संसार.

मला त्या दिवशी मुद्दाम उशिरा बोलावलं होतं. का, तर माझं तोंड चालतं. पाहुणे गेल्यावर ये म्हणले. त्यामुळं पुढचं मी डोळ्यानं बघितलं नाय, तेजलनं सांगितलं, शब्द न शब्द.

मुलाचे वडील शामसुंदरराव. सरकारी नोकरीतून रिटायर, सिडकोत राहतात. बरोबर बायको, मुलगा श्रेयस आन मधे स्थळ आणणारा आमच्याच गल्लीतला सावळीराम. बसले, पाणी झालं. शामसुंदररावांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

यशोदा म्हणली, "हे, मी, तेजल. आन भावजी हायेत आमचे. ते घोटीला गेलेत, कामानं."

"घोटीला काय काम?"

आता काय सांगणार. घोटीत आमच्या ओळखीचं कुत्रं नाय. किशोर म्हणला, "तांदूळ आणायला."

"वा. लवकर निघाले असतील."

"पहाटेच," किशोर म्हणला. लाज वाटली नाय मेल्याला.

पहाट ऐकल्यावर तो माणूस खुलला. मी चारला उठतो, गेली तीस वर्षं उठतो, कोमट पाणी पितो, ग्राउंडला फेऱ्या मारतो. दिवस डोक्यावर आल्यावर उठणारं माणूस म्हणजे घराला लागलेली वाळवी, असं म्हणला तो, पोहे खात. पडद्यापासून चार हातावर बसून. "आमचा श्रेयसपण माझ्यासारखाच. अंथरुणात ऊन बघितलं नाय त्यानं कधी." आन तो श्रेयस रुमालात तोंड घालून जांभया देत होता. डोळे लालभडक. आईनं कोपर मारलं त्याला दोनदा, तेजलनं बघितलं.

मला कोणीतरी सांगा, हा शामसुंदर चारला उठून करतो काय? पेन्शन खातो. तो चारला उठला काय आन दहाला उठला काय, झाडाचं पान हालत नाय. पण उठला की जगाला सांगत फिरणार. कोंबडापण उठतो चारला. त्याला कोणी पोरगी दाखवत नाय.

आन पडद्यामागनं आवाज नाय. गेणू घोरायचा, म्हणजे असा घोरायचा की भिंतीवरची भांडी वाजायची. त्या दिवशी गप. यशोदा खुश. पाहुणे बर्फी खाऊन गेले, तेव्हा ती किशोरला म्हणली, "शब्द पाळला हो भावजींनी."

शब्द त्यानंच दिलेला. तो असा.

मागच्या उन्हाळ्यात एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. लोक सकाळी दहाला आले. गेणू खाटेवर झोपलेला, तोंड उघडं, एक पाय बाहेर. त्यांनी बघितलं, चहा अर्धा ठेवला, गेले. मग सावळीरामकडनं निरोप, की घरात पिणारा माणूस हाय, आम्हाला नको. पिणारा! गेणूनं जन्मात उसाच्या रसाशिवाय काय पिलं नाय, तोपण बर्फ न घालता, घसा धरतो म्हणून. पण दिवसा झोपतो ना, म्हणजे बेवडाच. लोकांची अक्कल एवढीच. तेजलचं ते लग्न मोडलं आन पोरीच्या आईनं महिनाभर थोरल्या दिराला ताट वाढताना ताट आपटलं.

म्हणून ह्या वेळी गेणूच म्हणला, "मला कुठंतरी पाठवा. घोटीला पाठवा." तेजल भांडली त्याच्याशी. "काका, एक दिवस बाहेर बसा की, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सांगते तुम्ही काय काम करता ते." तो म्हणला, "येडे, लग्नतिथ बघ. ऑर्डर केवढी हाय. रात्र काढून बाहेर बसलो तर पाहुण्यांसमोर पेंगेन, मग तर नक्कीच बेवडा म्हणतील. त्यापेक्षा आत पडतो. कुशीवर झोपतो. कुशीवर झोपलं की माणूस घोरत नाय."

काम काय करायचा ते सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नाय. तो गेल्यावर तुम्ही समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोडलेले हात टाकून मोकळे झाले. फोटोपण किशोरचा टाकला होता एकानं. म्हणून हे बोलून बोलून टाईप करतीये, चौथी शिकले, चुका काढत बसू नका.

आमचा धंदा हाराचा. वडलांपासनं. देवाला पहाटे ताजा हार पायजे, लोक रामकुंडावर आंघोळ करून ओल्या अंगानं हार मागतात. आता तो हार पहाटे झाडाला लागत नाय. कोणीतरी रात्री बसून करावा लागतो, ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो. वडील असेपर्यंत ते आन आई करायचे. वडील थकल्यावर त्यांनी दोघा पोरांना बसवलं आन म्हणले, एकानं जागायचं, एकानं उठायचं. दोन्ही एकाच माणसानं केलं तर माणूस मरतो. किशोर तेव्हा पोरगेला, त्याला रात्री झोप आवरायची नाय. गेणू म्हणला, मी जागतो. संपलं. जन्माची वाटणी झाली तिथं.

तेव्हापासनं गेणू दुपारी उठायचा, फुलबाजारातनं क्रेट आणायचा, फुलं निवडायचा, आन दिवेलागणीला पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचा. झेंडू, शेवंती, निशिगंध. किशोर पहाटे उठून तयार टोपली उचलायचा आन गाडा लावायचा.

मग काय दिसणार लोकांना? किशोर दिसणार. पहाटे कपाळाला गंध लावून उभा, येणाऱ्याला राम राम. "काय कष्टाळू पोरगा हाय!" आन नऊ-दहाला हेच लोक आमच्या गल्लीतनं जाणार, दारातनं बघणार, गेणू आडवा. सावळीराम तर रोज. "काय कुंभकर्ण, भाऊ तिकडं राबतोय आन तुम्ही इकडं!" गळ्यात त्याच्या आमचाच हार, देवाचा प्रसाद म्हणून मिळालेला. हार कोणी केला हे त्या रेड्याच्या डोक्यात कधी आलं नाय.

आन किशोर दुपारी जेवून दोन तास ताणून द्यायचा बरं का. त्याला वामकुक्षी म्हणायचं. गेणूच्या झोपेला लोळणं म्हणायचं.

गेणूचं स्वतःचं लग्नपण ह्याच पायी राहिलं. एकदा मुलीचा बाप सकाळी आला, न सांगता. मी तेव्हा माहेरी होते. मी गेणूला हलवून उठवलं, तो डोळे चोळत बाहेर आला, लुंगीला पाकळ्या चिकटलेल्या. मुलीचा बाप म्हणला, "ह्या वेळेला झोपता?" गेणू म्हणला, "तुम्ही ज्या वेळेला झोपता त्या वेळेला मी जागा असतो." चांगलं बोलला. पण चांगलं बोलून लग्न होत नाय. परत गेला तो माणूस. गेणू म्हणला, ताई, बरं झालं, बायको आली असती तर तिला रात्री दिव्याचा त्रास झाला असता. मी म्हणलं, तू मूर्ख हायेस. होताच मूर्ख. कोणी दोन शब्द उलटे बोललं की हसून कुशीवर वळायचा.

तर त्या दिवशी. पाहुणे गेल्यावर मी नाशिक रोडवरनं बसनं आले. डब्यात त्याच्यासाठी भाकरी आन भरीत. तो उठला की पहिलं तेच खायचा, मी येणार असले की. दारात यशोदा नाचतीये, "ताई, पसंत पडली! जवळजवळ पसंतच!" किशोर गाड्यावरनं त्या दिवशी लवकर आलेला, नवा शर्ट, फोनवर कोणाला तरी सांगतोय. तेजल तेवढी बशा विसळत होती. मी विचारलं, "गेणू कुठंय?"

"आत हायेत. आज घोरलेसुद्धा नाय," यशोदा म्हणली.

मी पडदा सारला. कुशीवर होता. भिंतीकडं तोंड. मी म्हणलं, "ऊठ रे घोटीकर, आला का तांदूळ घेऊन?" खांद्याला हात लावला.

पुढचं सांगत नाय. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याची खाच होती, खोल, एवढी वर्षं पडलेली. ती धरून बसले मी.

डॉक्टर आला. म्हणला झोपेत गेले, हृदय बंद पडलं, सकाळीच, पाहुणे आले त्याच सुमाराला. म्हणजे पोहे, चहा, बर्फी, चारला उठायचं भाषण, सगळं मयताच्या घरात झालं. आन त्याच्या गप्प राहण्याचं कौतुक झालं.

आता तुम्हाला वाटेल किशोर हंबरडा फोडून रडला असेल. तो पहिलं वाक्य काय बोलला ऐका. "ताई, आता पाहुण्यांना काय सांगायचं?"

मी म्हणलं, "काय म्हणजे? मेला म्हणून सांगायचं."

"तसं नाय. घरात होता म्हणलं तर आपण खोटे पडतो. बैठकीत खोटं बोललो म्हणून मोडतील. हे दुसरं स्थळ हाय ताई."

यशोदा डोळे पुसत म्हणली, "घोटीलाच गेले म्हणून सांगू. तिथंच झटका आला."

"आन घोटीहून आणला कशात? तांदळाच्या पोत्यात?"

तर म्हणे गाडी केली म्हणून सांगू. एक मेलेला भाऊ समोर पडलेला आन हे दोघं त्याच्यासाठी गाडी ठरवतायत, मुळात नसलेली. मी ओरडले, गल्ली गोळा केली असती मी. पण तेजल कोपऱ्यात बसलेली, तिचा हात गेणूच्या पायावर, आन तिचं तोंड बघून मी गप बसले. लग्न तिचं होतं. तिनं बोलायचं होतं, मी नाय.

आमच्या मामाची वाट बघून दुसऱ्या दिवशी सकाळी नेला. शामसुंदरराव आले, पांढरे कपडे, टायमाच्या आधी. मला विचारतात, "घोटीहून कधी आणलं?" मी तोंड फिरवलं. सावळीराम मधे घुसला, "पहाटे आणलं. पहाटे."

पहाटे! मेल्यावर तरी माझ्या भावाला पहाट दाखवली म्हणायची.

त्याला घालायला हार आणले होते बाजारातनं. घरात हार करणारा तोच एक होता ना. निघताना एक हार तुटला, फुलं रस्त्यावर. गेणू असता तर उठून बसला असता आन म्हणला असता, कोणी केला रे हा?

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. किशोरनं हात जोडून एकेक कबूल करायला सुरुवात केली. दादा, गाडा चालू ठेवतो. दादा, ताईला अंतर देत नाय. दादा, तेजलचं लग्न थाटात करतो. कावळे झाडावर बसलेले, एकपण हालत नाय. गुरुजी घड्याळ बघतायत, मागं दुसरे लोक थांबलेले. सावळीराम शहाणा म्हणतो, "इच्छा राहिली काहीतरी."

मी म्हणलं, "इच्छाबिच्छा काय नाय. त्याला ह्या टायमाला कोणी उठवलाय कधी? ऊन वर येऊ द्या."

मागं कोणीतरी हसलं. किशोरला पण हसू आलं, आन हसता हसता जे फुटलं त्याचं रडणं, ते थांबेना. दहा दिवसांत पहिल्यांदा. "ताई, मी त्याला एकदापण नाय म्हणलं गं, की दादा, आज तू झोप, मी करतो." कावळा आला नंतर, त्याच्या वेळेनं. ऊन चांगलं वर आल्यावर.

तेरावा झाला. मी तिथंच राहिले थोडे दिवस, यशोदाच्या हातचं आळणी खात. किशोरनं गाडा लावला. हार तयार घेतले एका माणसाकडनं. पहिल्याच दिवशी एका यात्रेकरूच्या हातात हार सुटला, झेंडू घरंगळत पायरीवर. देवळातल्या पुजाऱ्यानं विचारलं, "किशोर, हार केलाय का चपलेचा बंद?" गल्लीतले लोक म्हणायला लागले, ह्याच्या हाराला काय झालं, आधी कसा दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहायचा. आता विचारतायत. तीस वर्षं गळ्यात घातला, तेव्हा विचारलं नाय.

मग किशोर स्वतः बसला. अंगठ्याला दोरा बांधून. जो माणूस बातम्या संपायच्या आत आडवा व्हायचा, तो. सुई बोटात घुसवून घेतली, निशिगंधाची देठं मोडली, एक हार खाटेएवढा लांब झाला आन एक वासराच्या गळ्यातपण बसणार नाय असा. सकाळपर्यंत कशीबशी टोपली भरली. पहाटे उठून गाडा लावायला अंगात जीव नाय त्याच्या. तेजलनं टोपली उचलली आन ती गेली रामकुंडावर. हा गेणूच्या खाटेवर पडला, तसाच, हाताला फुलांचा चीक.

आन नेमके त्याच दिवशी दहाच्या सुमाराला सावळीराम पाहुण्यांना घेऊन हजर. न सांगता. शामसुंदरराव आन श्रेयस. सुतक संपलं, आता शेवटचं बोलून टाकू म्हणून.

यशोदानं चपला ऐकल्या आन काय केलं असेल? पडदा ओढला.

मी पडद्याच्या आतल्या बाजूला होते. किशोर भिंतीकडं तोंड करून कुशीवर. आवाज नाय.  मी त्याच्या नाकाशी हात धरला. पार नाकाला टेकवला. मग गरम लागलं. मी बाहेर आले आन यशोदाशेजारी उभी राहिले.

शामसुंदरराव बसले. "किशोरराव कुठायत?"

यशोदानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. ती म्हणली, "ते... घोटीला..."

आता ह्या बाईला काय म्हणावं. अख्ख्या जिल्ह्यात दुसरं गाव नाय सापडलं तिला.

शामसुंदरराव म्हणले, "तेपण? काय, तांदूळ राहिला होता का आणायचा?" टोमणा मारला का खरंच विचारलं, देव जाणे. सावळीराम खाली बघून पायाची नखं मोजायला लागला.

तेवढ्यात तेजल आली गाड्यावरनं. रिकामी टोपली डोक्यावर, केस ओले. तिनं शेवटचं ऐकलं होतं दारातनं. टोपली खाली ठेवली. कोणाला नमस्कार नाय, काय नाय, सरळ गेली आन पडदा सारला, पार भिंतीपर्यंत.

"बाबा झोपलेत," ती म्हणली. "रात्रभर हार करत होते. आधी काका करायचे. तुम्ही आले होते त्या दिवशी काका इथंच होते, ह्याच खाटेवर. घोटीला कोणी गेलं नव्हतं. तुम्ही पोहे खात होते तेव्हा ते गेलेले होते. आता मोडायचं तर मोडा."

यशोदा मटकन खाली बसली. शामसुंदरराव लाल झाले, एकदा खाटेकडं बघतात, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं. "पण... दहा वाजता?" एवढंच निघालं तोंडातनं. मयत माणसाबरोबर पोहे खाल्ले त्याचं काय नाय. दहा वाजता माणूस झोपलाय, ते सहन होईना.

श्रेयस म्हणला, "पप्पा, हळू बोला. उठतील ते."

"तू गप बस."

"नाय, हळूच बोला. मी आत्ता थर्ड शिफ्ट करून आलोय, घरी न जाता. त्या दिवशीपण तसाच आलो होतो." मग तेजलकडं बघून म्हणला, "हे पप्पा सांगतात मी अकाउंटला हाय, सकाळी नऊला जातो म्हणून. मी मशीनवर असतो. आठवड्याआड रात्रपाळी. दिवसा मीपण असाच पडलेला असतो, आमच्याकडं तर दाराला कुलूप लावतात बाहेरनं. कोणी आलं तर दिसायला नको."

घ्या. आमच्याकडं पडदा, त्यांच्याकडं कुलूप. आन हा बाप वाळवीचं भाषण ठोकून गेला होता आमच्या घरात! मी काय बोलणार होते ते ओठावर आलं होतं, पण तेजलनं माझ्याकडं बघितलं आन मी गिळलं. पहिल्यांदाच गिळलं असेल जन्मात.

तेजल त्या पोराला म्हणली, "चहा ठेवू का? नायतर इथंच पेंगाल."

"ठेवा," तो म्हणला. "साखर जास्त टाका."

शामसुंदरराव उठावं का बसावं ह्या विचारात अर्धे खुर्चीवर, अर्धे अधांतरी. आन तेवढ्यात किशोर उताणा झाला. झोपेतच. आन घोरला. साधं नाय, भिंतीवरची भांडी वाजतील असा. त्या खाटेवरनं तो आवाज इतक्या दिवसांनी आला.

यशोदा धडपडत उठली, पडदा ओढायला.

मी म्हणलं, "बस खाली."